डोंगरवाटेवरची सायकल



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी 'कामगार चळवळीपुढील प्रश्न' असा काहीतरी विषय घेईन, अशी त्यांची समजूत होती. मी विषय लिहून पाठविला, 'डोंगरवाटेवरची सायकल'. दुसऱ्याच दिवशी त्यांचा निरोप आला, "कागद पाठविताना काही अदलाबदल तर झाली नाही ना?" अदलाबदल झालेली नाही. मी सायकलीविषयीच बोलणार आहे. आणि ज्या शहराला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, त्या पुण्यात सायकलीविषयी बोलायला भीती कशाची? मात्र मी कामगार संघटनेचा माणूस आहे. तेव्हा सायकलीवर बसून मी कोणत्या गावाला जाणार, याचा अंदाज आपल्याला आलाच असेल.

आधी माझा अधिकार किती, ते सांगतो. मी विद्वान नव्हे. दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकलो आणि पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात लागलो. नोकरीच्या सहाव्या वर्षी त्या कारखान्याला टाळे लागले. कारखान्याचे नाव सांगण्याचे आज कारण नाही. ते भांडण मिटले आहे. सात महिने टाळेबंदी होती. सकाळी दारासमोरच्या मांडवात बसायचे आणि दुपारनंतर पोटासाठी काहीतरी करायचे. मी एका सायकल दुकानात राहिलो. दुकान म्हणजे काय, पिंपळाखाली एक पेटी, एक पंप आणि पंक्चर पाहण्यासाठी पाण्याची पाटी. मालकाला सारे वस्ताद म्हणत. मी कारखान्यात हजाराव्या भागापर्यंत मापे घेणारा फिटर. मला वाटले, हे काम मला काय जड! पहिल्याच दिवशी वस्तादांनी एक मागचे चाक पुढे टाकले आणि म्हणाले, "याचे छर्रे बदल अन् कोन बसव." मी बसविला. त्यांनी चाक हातात धरून फिरविले, कानाशी नेले आणि परत दिले. म्हणाले, "घट्ट झालाय. घट्ट केलास तर चाक रडतं, सैल ठेवलास तर डुलतं. मधली जागा हाताला कळली पाहिजे." ती मधली जागा हाताला कळायला मला तीन आठवडे लागले. कारखान्यात सहा वर्षांत जे मला कोणी शिकविले नव्हते, ते मी तेथे शिकलो: संपूर्ण यंत्र उघडायचे, समजून घ्यायचे आणि पुन्हा जोडायचे.

याच काळात रद्दीच्या दुकानात सायकलींविषयीच्या इंग्रजी मासिकाचा एक जुना अंक सापडला. शब्दकोश मांडीवर घेऊन मी तो वाचला. त्यात अमेरिकेतल्या काही तरुणांची हकिगत होती. ती वाचून मला प्रथम हसू आले आणि मग विचार करावासा वाटला. तीच आज सांगतो.

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला, गोल्डन गेट पूल ओलांडला की मरिन नावाचा जिल्हा लागतो. तेथे टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या काळात तेथील काही तरुणांना एक खूळ लागले. ते भंगारातून, अडगळीतून १९३० ते १९४० या काळातल्या जुन्या सायकली शोधून काढीत. जाड नळीच्या, रुंद टायरच्या, पन्नास पौंडांच्या आसपास वजन असलेल्या या सायकली एके काळी शाळकरी मुलांसाठी बनल्या होत्या. त्यांचे मडगार्ड, कॅरिअर, दिवे सारे उतरवून टाकायचे, त्या डोंगरावर न्यायच्या आणि मातीच्या रस्त्याने खाली सोडायच्या! हे सारे धनिकांचे पुत्र होते असेही नाही. त्यांच्यातला चार्ली केली हा एका गाणाऱ्या मंडळींच्या ताफ्याचे सामान वाहण्याचे काम करी. गॅरी फिशर, जो ब्रीझ हे शर्यतीच्या सायकली चालविणारे आणि स्वतःच्या सायकली स्वतःच दुरुस्त करणारे होते.

फेअरफॅक्स गावाजवळ वणवा विझविणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला एक मातीचा रस्ता होता. सुमारे दोन मैलांत तो १३०० फूट खाली उतरतो. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली शर्यत झाली. एकेकाने घड्याळ लावून उतरायचे. त्या दिवशी ॲलन बाँड्स हा गडी पहिला आला; आणि त्याचे कारण असे सांगतात की, न पडता खाली पोचलेला तो एकटाच होता! पुढे फिशरने हेच अंतर ४ मिनिटे २२ सेकंदांत कापले.

या शर्यतीला 'रिपॅक' असे नाव पडले. ते नाव का पडले हे समजून घेण्यासारखे आहे. त्या जुन्या सायकलींना हातात ब्रेक नसे. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. पेडल उलटे दाबले की तो लागे. गावातल्या सपाट रस्त्याला तो पुरेसा होता. पण १३०० फूट उतरताना तो सारखा दाबून ठेवावा लागे. घर्षणाने हब असा तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचेपर्यंत हब कोरडा ठणठणीत होई. म्हणजे प्रत्येक उतरणीनंतर हब उघडायचा, पुसायचा आणि त्यात नवे ग्रीस भरायचे. इंग्रजीत या पुन्हा भरण्याला 'रिपॅक' म्हणतात. जगातल्या या आगळ्या खेळाचे पहिले नाव कोणा राजाच्या किंवा कंपनीच्या नावावरून पडले नाही. ते ग्रीसने माखलेल्या हातांवरून पडले!

पुढे काय झाले? हब जळतो, तर दुसरा ब्रेक लावू. दोघांनी बसायच्या जोडसायकलींना जोरदार ब्रेक असतात, ते लावू. ब्रेकचा दांडा मोटारसायकलचा घेऊ, तो हाताला भक्कम लागतो. चढावर ढकलत न्यावे लागते, तर लांब पल्ल्याच्या प्रवासी सायकलीचे गियर बसवू आणि गियरची खुंटी अंगठ्याजवळ आणू, म्हणजे खडकाळ वाटेत मूठ सोडावी लागणार नाही. एक सुटा भाग फ्रान्सचा, एक जपानचा, एक जर्मनीचा. सारे भाग दुसऱ्याच कशासाठी बनलेले होते. या मंडळींनी त्यांना एकत्र आणून नव्या कामाला लावले.

जुने सांगाडे वाकू-मोडू लागले, तेव्हा जो ब्रीझने १९७७ साली मिश्र पोलादाच्या नळ्या घेऊन या कामासाठीच नवा सांगाडा बनविला. त्याची ती पहिली सायकल आज वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे. १९७९ साली फिशर आणि केली यांनी टॉम रिची या कारागिराचे सांगाडे घेऊन विक्री सुरू केली आणि आपल्या धंद्याला 'माउंटनबाइक्स' असे नाव दिले. ते नाव पुढे साऱ्या जगाचे झाले. १९८१ साली एका कॅलिफोर्नियातल्याच कंपनीने 'स्टम्पजम्पर' नावाची सायकल जपानमध्ये बनवून घेऊन बाजारात आणली आणि हा माल सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचला. १९९६ साली, अटलांटा येथे, ही शर्यत ऑलिंपिकमध्ये गेली. एका खुळाचा वीस वर्षांत एवढा पसारा झाला.

आता कोणी विचारील की, या सायकलीचा खरा शोध कोणी लावला? याचे उत्तर फार बोधप्रद आहे. १९५३ साली जॉन फिन्ले स्कॉट या विद्यार्थ्याने अशीच एक सायकल स्वतःपुरती जोडली होती. १९५० नंतरच्या दशकात पॅरिसजवळची काही फ्रेंच मुले असेच उद्योग करीत होती. १९७४ च्या डिसेंबरात क्युपर्टिनो गावची काही मुले एका शर्यतीला आली, तेव्हा त्यांच्या रुंद टायरच्या सायकलींना गियर आधीच बसविलेले होते. मरिनच्या मंडळींनी ते डोळे विस्फारून पाहिले. तात्पर्य, एकाने लावलेला हा शोध नाही. तो अनेक हातांनी, एकमेकांचे पाहून, एकमेकांना दाखवून लावला. कारखान्यातही सुधारणा अशाच होतात. फक्त तेथे खाली सही एकाच साहेबाची असते!

येथवर ही मजेची गोष्ट झाली. आता तिची दुसरी बाजू पाहू.

हे तरुण ज्या जुन्या सायकली शोधीत, त्यांतली त्यांच्या विशेष आवडीची होती श्विन कंपनीची 'एक्सेलसिअर'. इग्नाझ श्विन या जर्मन कारागिराने एका भागीदाराबरोबर १८९५ साली शिकागोत हा कारखाना काढला. १९३३ साली याच कारखान्याने अमेरिकेत मुलांच्या सायकलींना रुंद, फुगीर टायर आणले. डोंगरसायकलीचे चाक पुढे तीसएक वर्षे सव्वीस इंचीच राहिले, ते माप येथूनच आले. विचार करा, शिकागोतल्या कोणा वेल्डरने, कोणा फिटरने १९३८-३९ साली एका शाळकरी मुलासाठी सांगाडा जोडला. आणि तो जोड असा पक्का होता की, पस्तीस-चाळीस वर्षांनी एक दांडगा तरुण त्यावर बसून डोंगरावरून उड्या मारीत खाली आला तरी तो तुटेना! त्या कामगाराला हे कधी कळले असेल काय? मला नाही वाटत.

आणि त्या कारखान्याचे काय झाले? १९८० साली, म्हणजे डोंगरसायकलीचा डंका वाजू लागला त्याच सुमारास, शिकागोचे श्विनचे कामगार मोटार कामगारांच्या मोठ्या संघटनेत सामील झाले. त्याच वर्षी सुमारे १४०० कामगारांचा संप झाला. तो तेरा आठवडे चालला. संपाच्या काळात कंपनीने तैवानच्या जायंट या कारखान्यावर अधिकाधिक भिस्त ठेवली. संप मिटला, पण पुष्कळ कामगारांना परत बोलावणे आलेच नाही. १९८३ साली शिकागोचा कारखाना बंद झाला. १९९२ साली खुद्द श्विन कंपनीनेच दिवाळे काढले. आणि ज्या जायंटला तिने आपला माल बनवायला शिकविले, तो जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल कारखान्यांपैकी एक झाला. तैवानच्या कामगारांविषयी माझ्या मनात किंतु नाही. त्यांनी घाम गाळून कसब कमावले. भांडण त्यांच्याशी नाही.

मालकवर्गाचे म्हणणे असे की, संपाने कारखाना बुडाला. आमच्या बाजूचे म्हणणे असे की, मालकाने स्वस्त मजुरीच्या मागे लागून कारखाना बुडविला. मी तीस वर्षे या कामात आहे. दोन्ही भाषणे मला पाठ आहेत आणि त्यांतले एक मी स्वतः शंभर वेळा केले आहे. पण आज मी वेगळे बोलणार आहे. शिकागोचा कारखाना जुना झाला होता, परदेशी स्पर्धा वाढली होती, हे खरे. पण याखेरीज एक गोष्ट राहते. त्याच कारखान्याच्या जुन्या मालावर कॅलिफोर्नियात नवा खेळ उभा राहत होता. आणि त्या खेळाला लागणारी नवी सायकल भाड्याच्या जागांत, घरच्या पडव्यांत बनत होती. बनविणारा हात एका गावी आणि वापरणारा हात दुसऱ्या गावी. दोघांची गाठ घालून देणे हे ज्यांचे काम, त्यांना ते वेळेवर साधले नाही.

शिकागोच्या कामगारांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. मी माझ्यापुरते बोलतो. माझ्या हातून आजवर पुष्कळ मागणीपत्रे लिहून झाली. त्यांत पगार होता, महागाई भत्ता होता, बोनस होता, गणवेश आणि चहाची वेळसुद्धा होती. त्या साऱ्या मागण्या न्याय्य होत्या. पण आपण बनवितो तो माल चांगला आहे काय, तो कोण वापरतो, उद्या तो कोणाला लागेल, याविषयी त्यांत मी एक ओळही कधी लिहिली नाही. तो विषय साहेबांचा, असे मी मानले. मला वाटते, तेथे मी चुकलो. आपल्याकडेही ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलस सायकलीच्या साहिबाबाद येथील कारखान्याच्या फाटकावर कामबंदीची सूचना लागली. कित्येक घरांत जी सायकल वापरून पोरे शिकली, ती बनविणारे हात त्या दिवशी रिकामे झाले. ती बातमी वाचल्यापासून माझी ही चूक मला अधिकच टोचू लागली.

आता आपण सायकलीवरून क्षणभर मोटारीकडे वळू. कारण खडबडीत वाटेचा प्रश्न मोटारीलाही सुटलेला नाही, आणि तो सोडविताना काही मोठ्या विक्षिप्त गाड्या निर्माण झाल्या. त्यांचे मला फार वेड आहे. माझ्यापाशी अशी एकही गाडी नाही. पण आवडायला मालकी लागत नाही.

फ्रान्समधली सिट्रोएन कंपनीची 'टू सीव्ही' ही त्यांतली राणी. १९३६ च्या सुमारास कंपनीचे उपाध्यक्ष बूलांजे यांनी आपल्या इंजिनीयरांना काम सांगितले, ते थोडक्यात असे: शेतकऱ्यासाठी छत्रीखाली चार चाके बनवा, तीत माणसे बसावीत, पन्नास किलो बटाटे मावावेत, आणि अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून नेली तरी एकही अंडे फुटता कामा नये. १९३९ पर्यंत अडीचशे नमुने तयार झाले आणि महायुद्ध आले. बहुतेक नमुने मोडून टाकले, काही लपवून ठेवले. १९४८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली, तेव्हा पत्र्याची पेटी म्हणून ती पाहून लोक हसले. इंजिन ३७५ सीसीचे, ताकद नऊ घोड्यांची. पाणी नाही, म्हणून रेडिएटर नाही. काच पुसण्याचे वायपर वेगमापकाच्या तारेवरच चालत. गाडी थांबली की तेही थांबत! पण तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या स्प्रिंगा एकमेकींना जोडलेल्या होत्या. पुढचे चाक खड्ड्यात गेले की मागच्याला आधीच वर्दी मिळे. हसणारे लोक लवकरच रांगेत उभे राहिले आणि पुष्कळांना गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. तिची आसने उचलून बाहेर ठेवून सहलीला बसता येई. पत्रे पान्याने सोडवून काढता येत. गावचा लोहारसुद्धा ती उघडू शके. ती २७ जुलै १९९० पर्यंत बनत होती आणि तिची संख्या अडतीस लाखांच्या वर गेली.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. १९५६ साली सुएझच्या भानगडीत इंग्लंडात पेट्रोलची टंचाई झाली. त्यानंतर १९५९ साली 'मिनी' ही चिमुकली मोटार आली. तिच्या चाकांना पोलादी स्प्रिंगांऐवजी रबराचे शंकू होते. ते ॲलेक्स मोल्टन यांचे काम. त्यांच्या घराण्याचा धंदाच रबराचा होता. त्याच टंचाईच्या काळात मोल्टन सायकलीकडे वळले आणि मोटारीत वापरलेला विचार त्यांनी सायकलीला लावला. लहान चाके, आणि पुढे-मागे रबराचे झोके. एका मोठ्या सायकल कंपनीला ती दाखविली; तिने नाही म्हटले. मोल्टननी १९६२ साली ती स्वतःच काढली आणि ती इतकी चालली की १९६७ साली त्याच मोठ्या कंपनीने त्यांचा सायकलीचा धंदा विकत घेतला! डोंगरसायकलीच्या पुढच्या चिमट्यात धक्के गिळणारी नळी आली ती १९८९ च्या सुमारास. मोल्टननी झोके असलेली सायकल त्याआधी पाव शतक रस्त्यावर आणली होती. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शंकरराव कुलकर्णी यांनीही 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतःच्या बुद्धीने घडविली. ती बाजारात येऊ शकली नाही, ही हळहळ जुन्या मंडळींच्या बोलण्यात अजून येते.

या गाड्यांत आणि त्या सायकलींत समान काय आहे? डौल नाही, श्रीमंती नाही. एक अडचण आहे, आणि तिचे उत्तर शोधणारा माणूस आहे. ते उत्तर तुम्हाला डोळ्यांनी दिसते, बोटांनी चाचपता येते. अशी वस्तू वापरणाऱ्याला शहाणे करते.

आता मी सुट्या भागांच्या एका बारकाव्याकडे येतो. कारण खरी मेख तेथे आहे. जुन्या गियरला नुसती खुंटी असे. ती हळूहळू ओढायची, साखळी दुसऱ्या दात्यावर नीट बसली की नाही ते कानाने ओळखायचे. वस्तादांच्या मधल्या जागेसारखेच ते. खुंटी एका कंपनीची, साखळी दुसरीची, फ्रीव्हील तिसरीचे असले तरी चाले. १९६४ साली जपानच्या सनटूर कंपनीने साखळी सरकविणाऱ्या चिमट्याची तिरपी रचना काढली; तिने गियर फार सफाईने पडू लागले. १९८४ च्या सुमारास त्या पेटंटची मुदत संपली. शिमानो या दुसऱ्या जपानी कंपनीने ती रचना उचलली आणि तिला घडी बसविली: खुंटी एक घर सरकली की 'टिक्' असा आवाज होतो, तार ठराविक ओढली जाते आणि साखळी बरोबर पुढच्या दात्यावर जाते. कानाची गरज उरली नाही. दगडधोंड्यांतून जाताना ही फार मोठी सोय आहे, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. पण त्यासाठी खुंटी, तार, चिमटा, दाते सारे एकमेकांशी जुळलेले हवेत, म्हणजे बहुतेक वेळा एकाच घराण्यातले हवेत. एक भाग बिघडला की त्याच घराकडे जा. स्पर्धेत सनटूर मागे पडली.

पुढे हे वाढतच गेले. मधल्या धुऱ्याची मापे अनेक झाली, मागच्या धुऱ्याची रुंदी बदलत राहिली. २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी सव्वीस इंची चाक जवळजवळ सोडूनच दिले. मोठी चाके खड्ड्यांवरून अधिक सहज जातात, हेही खरे. पण माझी सव्वीस इंची सायकल आजही धडधाकट आहे आणि तिच्यासाठी चांगला डोंगरी टायर शोधताना मला दुकाने पालथी घालावी लागतात. दुकानदार पोरगा म्हणतो, "काका, नवीनच घ्या ना!" सायकल मोडली म्हणून नव्हे, तर बाजाराने तिच्याकडे पाठ फिरविली म्हणून नवी घ्यायची. आता तर गियरला बॅटरी आली आहे.

मी सुधारणेच्या विरुद्ध नाही. जळक्या ग्रीसचा ब्रेक परत आणा, असे कोण म्हणेल? माझे म्हणणे इतकेच की, वस्तू उघडता आली पाहिजे, तिचा भाग मिळाला पाहिजे, तिचे ज्ञान झाकून ठेवता कामा नये. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर ती दुरुस्त करणे किती सोपे आहे याचे गुण छापणे कायद्याने सुरू झाले. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'चा विचार करण्यासाठी समिती नेमली. या हक्काचा विचार ग्राहकाचा हक्क म्हणून होतो. मी म्हणतो, तो कामगाराचाही हक्क आहे. ज्या देशात वस्तू उघडता येत नाहीत, तेथे पिंपळाखालचा वस्ताद उपाशी राहतो आणि कारखान्यातला फिटर आंधळा होतो.

वाटेविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण सायकल नुसती भागांची नसते. तिला वाट लागते. मरिनमध्ये सायकलस्वार वाढले, तसे पायी चालणारे आणि घोडेस्वार संतापले. वळणावरून सायकल अंगावर येते, माती उकरली जाते, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. १९८० नंतर तेथील अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या, रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली. हा खेळ ज्या डोंगरावर वाढला, त्याच डोंगरावर त्याला मज्जाव! तेव्हा १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या सायकल मंडळांनी संघटना केली. तिने नुसती आरोळी ठोकली नाही. तिने आपल्याच लोकांना नियम घालून दिले: चालणाऱ्याला आधी वाट द्या, चिखलात वाट तुडवू नका, जनावर बिथरवू नका, आणि कुदळ-फावडे घेऊन वाटा दुरुस्त करायला माणसे पाठविली. हक्क मागण्याची ही रीत मला पटते. आपल्या वेताळ टेकडीवर सकाळी फिरणारे आजोबा आणि सायकलवरची पोरे यांच्यात कुरबूर होते, तेव्हा मी दोघांना हेच सांगतो. टेकडी शाबूत राहिली, तर भांडण करायला जागा राहील!

शेवटी एक प्रसंग सांगून आपली रजा घेतो. आमच्या संघटनेच्या अभ्यासमंडळात एक कंत्राटी कामगार येतो. वय सव्वीस-सत्तावीस. एकदा मी त्याला विचारले, "तू काय काम करतोस?" तो म्हणाला, "काका, आठ वर्षं गियरचे दाते कापतोय." मी विचारले, "ते कोणत्या यंत्रात बसतात?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ते कधी कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही." हे उत्तर ऐकून मला राग आला नाही, लाज वाटली. आठ वर्षे मी त्याला वेतनाचे हिशेब शिकवीत होतो.

पुढच्या रविवारी मी त्याला माझी जुनी सायकल दिली आणि टेकडीवर घेऊन गेलो. चढावर त्याने चुकीच्या वेळी गियर ओढला आणि साखळी उतरली. मी हात लावला नाही. तो खाली बसला, साखळी पाहिली, दाते पाहिले, बोटाने एकेक दाता चाचपला. बराच वेळ तो तसाच बसून होता. मग मान वर करून म्हणाला, "काका, या दात्याचं टोक मुद्दाम बुटकं ठेवलंय. साखळी इथूनच चढत असणार." बंधूंनो, आठ वर्षे दाते कापणाऱ्या त्या हाताला दाता कशासाठी असतो, हे त्या दिवशी कळले.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. ती विसाव्यासाठी मिळाली, हे खरेच. पण सुटीचा अर्थ नुसता विसावा नव्हे. आठवडाभर आपण दुसऱ्याचे यंत्र चालवितो. एक दिवस आपले यंत्र उघडून पाहावे, आपल्या वाटेने जावे, पडावे, पुन्हा उठावे. मरिनच्या त्या पोरांनी हेच केले आणि नकळत जगाला नवी सायकल दिली. आमच्या पुढच्या मागणीपत्रात मी एक नवे कलम घालणार आहे: प्रत्येक कामगाराला, मग तो कायम असो वा कंत्राटी, तो बनवितो तो भाग ज्या यंत्रात बसतो ते यंत्र, वर्षातून एकदा तरी उघडून दाखवावे. मालक हसतील. आमच्यातलेही काही हसतील. टू सीव्हीला पाहून पॅरिसचे लोकही हसलेच होते.